चौदाचं ॲव्हरेज

युनूसने पिकअपच्या चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली आणि कुणी बघत नाही ना, म्हणून मान वळवली. पायरीवर त्याची बायको झोहरा चपला घालून तयार उभी होती. हवा बघत होतो, असं तो म्हणाला. ते तसं खोटंही नव्हतं.

आज गाडीची परीक्षा होती, आणि युनूसला ती नापास व्हायला हवी होती.

खोपोलीपासून कर्जतपर्यंत लग्नाच्या हॉलांना आणि फार्महाउसांना जनरेटर पोचवायचा, हा त्याचा धंदा. जनरेटर ट्रॉलीवर आणि ट्रॉली पिकअपच्या मागे. या ट्रॉलीचा दांडा उचलून हुकात अडकवताना त्याची कंबर दोनदा धरली. दुसऱ्या वेळी तर त्याला हॉलवरच्या लोकांनी उचलून घरी कॉटवर आणून ठेवलं. तेव्हापासून झोहराने एकच धोशा लावला होता, गाडी विका. गिऱ्हाईकही तिनेच शोधलं. पळसदरीचा वाल्मिक, याच धंद्यातला. त्याची अट साधी होती. ट्रॉली लावून ॲव्हरेज काढू, मग बोलू. नवराबायकोत मग ठरलं, वाल्मिक हो म्हणाला तर त्याच्या हातात चावी द्यायची. नको म्हणाला तर झोहरा हा विषय पुन्हा काढणार नाही.

युनूसला गाडी सोडवत नव्हती. ती गेली तर सकाळी उठून जायचं कुठे? शिळफाट्यावर कुणी आजची ट्रिप कुठली म्हणून विचारलं तर सांगायचं काय? घरात खुर्ची होती, पण तिच्यावर दिवसभर बसायच्या नुसत्या विचारानेच त्याची कंबर दुखायची.

सुटकेची वाट मात्र त्याला दिसत होती. शिळफाट्याच्या चहाच्या टपरीवर पिकअपवाले जमतात. ही माणसं वय कमी सांगतील, कमाई तर त्याहून कमी सांगतील, पण ॲव्हरेज कमी सांगणारा अजून जन्माला यायचाय. त्यातही वाल्मिक वेगळा. तो चार शब्द बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ट्रॉली लावून किती देते, असं कुणी विचारलं की बशीतून मान वर न करता सांगायचा, चौदा. त्या शांतपणामुळे ते सगळ्यांना पटायचं. युनूसला तर इतकं पटलं होतं की, आपली मागे पडू नये म्हणून तोही चौदाच सांगायचा. खरं तर त्याची अकराच्या वर कधी गेली नव्हती. ज्याच्या दारात चौदाची गाडी आहे, तो याहून कमीची कशाला घेईल?

ट्रॉली वाल्मिकनेच जोडली. शिळफाट्याजवळच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत फुल केली. गाडीला माझा हात माहीत आहे, असं सांगून युनूस स्टेअरिंगवर बसला. मधे झोहरा, खिडकीशी वाल्मिक.

एरवी उतार दिसला की न्यूट्रल मारणारा हा माणूस. आज त्याने सपाट रस्त्यावरही तिसऱ्या गिअरच्या वर हात नेला नाही. क्लचवर पाय ठेवूनच चालवली. मधेच ब्रेक, मधेच रेस. पळसदरीला चहा प्यायला उतरले, तर इंजिन चालूच ठेवलं. बॅटरी जरा कमजोर आहे, म्हणाला. परत बसल्यावर त्याने एसीचं बटण दाबलं, आणि नव्यासारखी गार हवा आली. नवीच होती ती, कारण गाडी घेतल्यापासून ते बटण कुणी दाबलंच नव्हतं.

झोहराने ओढणी अंगाभोवती घट्ट गुंडाळली. "मला माहेरी नेताना कवा लावला नाय हा," ती म्हणाली.

युनूसने ऐकलं नाही असं दाखवलं. वाल्मिक खिडकीतून भाताची शेतं बघत होता.

कर्जतच्या चारफाट्यावरून ते मागे फिरले. येताना चढाला इंजिन कण्हायला लागलं, तेव्हा युनूसच्या मनात आलं. एवढी वर्षं जिवापाड जपलेली गाडी, आणि आज आपणच तिचे हाल करतोय. त्याने हळूच स्टेअरिंगवर थोपटलं. आजच्या दिवस सोस, मग तू आणि मी आहोतच.

पंपावर पुन्हा टाकी भरली. वाल्मिकने मोबाईलवर भागाकार केला आणि आकडा दोघांपुढे धरला. नऊ.

युनूसचा जीव भांड्यात पडला. तोंड मात्र त्याने मयतीला गेल्यासारखं केलं. झोहरा खाली बघत होती. शब्द दिला होता तिने, आता बोलायला जागा नव्हती. तिचा तो चेहरा बघून युनूसला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. "तुज्या चौदाम्होरं ही काय रं, वाल्मिक," तो म्हणाला. "राहू दे. उगाच फसशील."

वाल्मिकने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून मागचं चाक दाबून बघितलं, मग ट्रॉलीकडे एकदा बघून परत आला.

"चाकात हवा नाय. एसी चालू. सगला रस्ता तिसरा गेर," तो म्हणाला. "आनि तरी नऊ?"

युनूसने चावी मुठीत आवळली. "पण तुजी तर चौदा देते ना?"

वाल्मिकने हात पुढे केला. "चौदा शिळफाट्यावर देते, युनूसभाय. रस्त्यावर सहा. चावी द्या."