नव्या टाकीतला चढता आकडा

बारावा थेंब पडला तरी नळीतलं पाणी निळंच. तेराव्याला कुठं पिवळं झालं.

"तेरा!" लखन ओरडलाच. "परवा बारा होते. हे तं चढूनच राह्यलं बाप्पा!"

समोर बैठकीत त्याची दोनशे लिटरची काचेची टाकी होती. आत खारं पाणी, दोन केशरी मासे आणि नागपूरहून जिवापाड जपत आणलेली तीन जिवंत पोवळी. आर्णीत असा समुद्र दुसऱ्या कोणाच्या घरी नव्हता. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि लखन राठोड चहा पाजून एकेका पोवळ्याचं कौतुक सांगायचा. आता त्यातलं एक पांढरं पडत चाललं होतं. दुसऱ्यानं सकाळी उघडायचंच सोडलं होतं. लखनला घास गोड लागेना.

आधी त्यानं कागदी पट्ट्यांना दोष दिला. पट्टी बुडवायची आणि रंग डबीवरच्या रंगाशी जुळवायचा, त्यात अंदाजच फार. मग थेंब मोजायचं किट मागवलं; पाण्याचा रंग बदलायला जितके थेंब लागतील तितका क्षार. तेही खोटं बोलतंय असं वाटून दुसऱ्या कंपनीचं आणलं. दोन्ही किटं एकाच आकड्यावर अडून बसली. पाण्यातला क्षार वाढत होता, यात वाद नव्हता.

त्यानं नागपूरच्या अतुलला फोन लावला. पोवळी त्याच्याच दुकानातली.

"क्षार वाढवायचं औषध टाकतो काय रोज?" अतुलनं विचारलं.

"नाई ना! तूच तं सांगतलं, नवीन टाकीत आकडा उतरल्याशिवाय बाटली उघडू नको. म्या हातबी नाई लावला."

"मंग वरून पाणी कोणतं टाकतो? उडून गेलेल्या पाण्याच्या जागी?"

लखनला रागच आला. "आर्णीत कॅनच्या पाण्याचा प्लांट कोणाचा हाय? माहा! घरच्या दोन कॅन मी सोता भरतो. मीटर बुडवून पाह्यतो. एक टाकीले, एक पियाले."

"मंग घरातच पाह्य भाऊ. पोवळे क्षार खातात, आकडा उतरायले पाह्यजे. आपोआप चढत नाही. कोणी खायचा सोडा टाकला तरी चढते."

लखननं फोन ठेवला आणि त्याची नजर आपसूक स्वयंपाकघराकडे गेली.

संगीताला ही टाकी पहिल्या दिवसापासून नको होती. "घरात खारं पाणी कायले पाह्यजे?" असं तिनं तोंडावर विचारलं होतं. ती गल्लीतल्या अंगणवाडीत सेविका. सकाळी तो प्लांटवर गेला की घर तिच्याच हाती. ती अंगणवाडीत जायच्या आधी टाकीत पाणी टाकायचं कामही तिचंच.

त्यानं औषधाच्या बाटलीवर पेनानं बारीक खूण केली. चार दिवस बघितली. बाटली जागच्या जागी, खूण जशीच्या तशी, आकडा मात्र चौदा. मग सोड्याचा डबा उघडला. तळाला चिमूटभर उरला होता.

"सोडा कुठी गेला?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"भजे केले ना अंगणवाडीतल्या पोट्ट्यांसाठी," ती म्हणाली. पण म्हणताना त्याच्याकडे बघितलं नाही. हे त्यानं बरोबर हेरलं.

आणि ती एकटी नव्हती! तिचा भाऊ राजकुमार प्लांटवरच कामाला, कॅनचा ऑटो तोच चालवायचा. गेल्या काही दिवसांत तो ऑटो दोनदा लखनच्या दारात दिसला होता. "चहा प्यायले गेलतो भाऊजी," असं राजकुमार म्हणाला होता. बहीणभाऊ कुजबुजायचे आणि लखन आला की गप्प व्हायचे. आपल्याच घरात आपल्याविरुद्ध कट!

शुक्रवारी तो प्लांटवरून अर्ध्या तासातच परतला. दारात ऑटो उभाच. लखन पाय न वाजवता आत शिरला. संगीता स्टुलावर उभी राहून टाकीत काहीतरी ओतत होती आणि राजकुमार खालून पातेलं तिच्या हाती देत होता.

"सापडली!" लखन कडाडला. "काय टाकून राह्यली? सोडा?"

राजकुमारनं मान खाली घातली. संगीता खाली उतरली. तिनं माठातून गिलास भरून नवऱ्यापुढं धरला.

"आधी पाणी प्या. उन्हातून आले."

तो अर्धा गिलास घटाघटा प्यायला. "आता बोल! माह्या पोवळ्यांच्या जिवावर काहून उठली?"

"टाकीशी माहं काय वैर? पाणीच टाकलं. साधं, कॅनचं."

"खोटं नोको बोलू! ते पाणी म्या भरलं, म्या तपासलं!"

"तुम्ही भरलेलं नाई टाकलं." तिचा आवाज चढला. "अंगणवाडीतल्या लेकरांचे दात पिवळे पडून राह्यले. गल्लीतल्या सोनीबाईचा नातू गुडघे धरून उठते. राजकुमारनं मले समदं सांगतलं. पाणी साफ करायची मशीन तुम्ही आपल्या दोन कॅनपुरती चालू करता अन् बाकी गावाले बोअरचं क्षाराचं पाणी नुसतं थंड करून विकता. म्हणून आपल्या कॅन मी अंगणवाडीत धाडते, अन् तिथल्या इथं ठेवते."

लखननं हातातल्या अर्ध्या गिलासाकडे बघितलं.

"दोन्ही?" त्यानं विचारलं.

"हाव, दोन्ही. वीस दिवस झाले, तुम्हीबी तेच पिऊन राह्यले."