जुन्या ब्रेकची साक्ष

ब्रेकचा जुना सिलिंडर बोलून थांबला, आणि दुकानातले तिघेही एकमेकांकडे पाहणे टाळू लागले.

सुट्या भागांना स्मृती आल्यापासून बाजाराची रीतच होती: जुना भाग आधी यंत्रावर ठेवून ऐकायचा, मगच नवा निवडायचा. म्हणून दिगंबररावांनी तो जुना सिलिंडर मुद्दाम घरी ठेवला होता. मामा विसरले असे समजून त्यांची भाची रेवतीने तो पिशवीत घालून आणला.

घाटातल्या अपघातात तिचा उजवा हात गेला, तेव्हापासून ब्रेक लागलाच नाही असे ते सांगत आले होते. त्यांच्या जुन्या जीपला सध्याच्या तात्पुरत्या सिलिंडरऐवजी पुन्हा दगा न देणारा भाग मिळावा, म्हणून आज ती स्वतः आली होती.

आणि सिलिंडर निर्विकारपणे म्हणाला होता, "माझ्यात दोष नाही. त्या वळणावर मला कुणी दाबलंच नाही."

दुकानदार हसीनाबी खाकरल्या. "मग बदलायचं काय, साहेब? हा तर अजून धडधाकट आहे."

दिगंबररावांची मान वर होईना.

"रेवा, समोर ट्रक दिसला आणि माझा पायच गोठला गं. शुद्धीवर येताच तू विचारलंस, ब्रेक फेल झाला ना मामा? मी हो म्हणालो. त्या एका शब्दाच्या आडोशाला राहत आलोय."

रेवतीने पाहायला घेतलेला नवा सिलिंडर डाव्या हाताने फळीवर परत ठेवला.

"घरी सोडू ना तुला?" त्यांनी विचारले.

दाराशी उभ्या जीपला वळसा घालून ती एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.