पाठीला पाठ

पडदा वर गेला तेव्हा दोघी रंगमंचावर पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. हात न टेकता, एकमेकींच्या भारानेच उठायचं होतं. एकीने अंग चोरलं की दुसरी आपटलीच.

थोरली अडुसष्टची, गुडघ्यांनी कधीच असहकार पुकारलेला. धाकटी तिची सख्खी जाऊ. म्हातारपण आणि माणसाला माणसाची सोबत, यावर नाच बसवणाऱ्या तरुण बाईंनी साठीपुढची बारा माणसं गोळा केली आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. या दोघींत अकरा वर्षं बोलणं नाही, हे त्यांना काय ठाऊक! सासूबाईंना कुणी सांभाळायचं यावरून वाजलं होतं. त्याच वर्षी धाकटीचा नवरा गेला, तेव्हाही थोरली हट्टाने घरीच बसली. तो हट्ट तिला पुढे फार जड गेला.

चिठ्ठी निघाल्यावर धाकटी उठून जाईल, असं थोरलीला वाटलं होतं. ती गेली नाही. मुकाट्याने येऊन तिच्या मागे टेकली. पहिल्या दिवशी दोघी धपकन पडल्या. मग तीन महिन्यांत थोरलीला त्या पाठीची सवय झाली. ती श्वास कधी घेते, कंबर कधी भरून येते, खोकला कधी दाबते, सगळं न बघता कळू लागलं. धाकटीने एकदाही अंग चोरलं नाही. थोरली मनात मांडे खाऊ लागली. इतका भार पेलते म्हणजे राग उरलाय कुठे?

आज दोघी उठल्या. एका दमात, सरळ. सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत कुणीतरी डोळे पुसत होतं.

पडदा पडताच थोरलीने वळून धाकटीचा हात धरला.

"चुकलंच माझं गं. भाऊजी गेले तेव्हा धावत यायला हवं होतं. आता तरी घरी चल. चहा घेऊ, बोलू."

धाकटीने हात सोडवून घेतला. कडेला काढलेल्या चपला पायाने चाचपून घातल्या.

"जाऊबाई, ह्यांना नेलं त्या दिवशी मी शपथ घेतली होती, पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही म्हणून," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "नाचात पाठच होती, म्हणून आले."