पुढची ओळ

“पुढची ओळ म्हणा,” बादली म्हणाला.

खुर्चीवर बसलेल्या आईनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. समोर बसलेल्या लेकीनं कानावरचा हेडफोन सारखा केला आणि मनात म्हटलं, झालं, आली वेळ.

लेक जुन्या रॅपरांच्या आणि त्यांना संगीत करून देणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायची. ज्यांची नावं कधी पेपरात आली नाहीत, जे तळघरांत आणि गॅरेजांत वाजवत राहिले, अशांना हुडकून ती माइकपुढे बसवायची. आज बादली आणि तोफखाना ही जोडगोळी तावडीत सापडली होती. तोफखाना रॅपर. एकदा तोंड सुटलं की आवरायचं नाही. बादली त्याला संगीत करून द्यायचा. जुन्या तबकडीतला एखादा तुकडा उचलायचा आणि तोच फिरवत ठेवायचा. पाढ्यात अडकलेलं पोर ‘सात आठे, सात आठे’ करत राहतं ना, तसा. तुकडा कुठून उचलला हे दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून तबकडी घरी आली की आधी बादलीत बुडवायचा. लेबल भिजून सुटायचं. गाणाऱ्याचं नाव पाण्यात जायचं. त्याला बादली हे नाव पडलं ते त्यावरून.

“एवढा हुशार, की आता स्वतःलाच आठवत नाही,” तोफखाना मघाशी म्हणाला होता. “चोरानं माल असा पुरला, की त्याला जागाच सापडेना!”

त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्यात मागे एक बाई गाते. ‘थांबू नको गं, थांबू नको.’ बस्स, एवढंच, पुन्हा पुन्हा. आई म्हणायची, तो आवाज माझा आहे. बऱ्याच जणींची मिळून एक तबकडी निघाली होती, तिच्यात सगळ्यांत शेवटी माझं गाणं. आपली तबकडी घर बदलताना हरवली.

मामा हसायचा. “अगं ताई, मग पुढची ओळ म्हण की!”

आई उठायची. “चहा टाकते,” म्हणायची आणि आत जायची. लहान असताना लेकीला मामाचा राग यायचा. मोठी झाल्यावर आईची कीव यायला लागली. चहा नेमका तेव्हाच कसा आठवतो? आज ती आईला मुद्दाम बरोबर घेऊन आली होती. खरं-खोटं एकदाचं होऊन जाऊ दे. खोटं निघालं, तर निदान मामासमोर तरी नको.

“राग मानू नका, ताई,” बादली म्हणाला. “आजवर कितीतरी जणी येऊन गेल्या. सगळ्यांना मी हेच विचारतो. ही तबकडी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. पुढे काय आहे ते एक मला माहीत, नाहीतर गाणारीला. कुणी पुढे चंद्र आणला, कुणी पाखरं. एकीनं तर तीन कडवी म्हणून दाखवली.”

“चाल बरी होती पण,” तोफखाना म्हणाला.

“तू गप रे.”

आई लेकीकडे पाहत होती. “तू जरा बाहेर जाऊन ये,” ती म्हणाली.

म्हणजे खोटंच तर, लेकीला वाटलं. “आई, आठवत नसेल तर तसं सांग. आपण घरी जाऊ. कुणी काही म्हणणार नाही तुला.”

“आठवत नाही कसं?”

“मग इथेच सांग ना.”

बादलीनं थोडी वाट पाहिली. मग तो तबकडी पाकिटात सरकवायला लागला. रागानं नव्हे, सवयीनं. आधी आलेल्यांच्या वेळीही त्यानं असंच केलं असणार. काळी तबकडी अर्धी आत गेली, तेव्हा आई बोलली.

“पुढे ओळच नाही. ‘थांबू नको’ म्हटलं आणि माझी पोर रडली. तिथेच कोपऱ्यात दुपट्यावर निजवली होती. मी धावले, तर माइकचा स्टँड पडला. रेकॉर्डिंगवाले म्हणाले, एवढं कापून टाकू. राहूनच गेलं असेल.”

बादलीचा हात पाकिटावर तसाच राहिला. मग त्यानं तबकडी बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि सुई हलकेच टेकवली.

खरखर. मग आवाज. थांबू नको गं, थांबू नको. इथून ते गाणं आजवर नेहमी मागे फिरायचं. या वेळी फिरलं नाही. एक कोवळं रडणं आलं. काहीतरी धाडकन पडलं. पावलं पळाली. आणि मग तोच आवाज, पण गाण्यातला नाही, घरातला: “आले गं, आले!”

“हीच,” बादली एवढंच म्हणाला.

लेकीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “पुन्हा का नाही गायलीस?”

“पोर उगी करण्यातच ती दुपार गेली. मग कुणी बोलावलं नाही.”

“आणि मामा? इतकी वर्षं तो हसत राहिला, आणि तू उठून जात राहिलीस. एकदा तरी सांगायचंस ना त्याला, पुढे ओळ का नाही ते!”

आईनं पिशवी खांद्याला अडकवली.

“तू शेजारीच बसलेली असायचीस ना,” ती म्हणाली.