दत्तकपत्र

“आईचं नाव?” नर्सनं विचारलं.

“कमला नेताम,” कमलानं सांगितलं. सात वर्षांची श्रावस्ती तिच्या मांडीवर निमूट बसली होती. तिला जन्म देणारी भावना पाण्याची बाटली धरून बाजूला उभी होती. कोणी विचारलंच तर ती शेजारीण होती.

श्रावस्तीला सिकलसेल होता, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. थंडी वाढली की तिचे पाय असे दुखत, की रायपूरजवळच्या बीरगावातल्या त्यांच्या गल्लीत कोणाचाच डोळा लागत नसे. रोज एक गोळी लागे. साध्या सरकारी दवाखान्यात ती गोळी चार महिने आली नव्हती. या नव्या सरकारी योजनेत मात्र गोळ्या घरपोच मिळत, आणि रक्त लागलं तर त्याच्या बदल्यात रक्त देणारा माणूस शोधावा लागत नसे. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या मुलांसाठी होती योजना, म्हणजे भावनाच्या अनुसूचित जातीतल्या पोरीसाठीही. पण जातीच्या दाखल्याला एकोणीसशे पन्नासच्या आधीचा इथला कागद हवा होता. भावनाचे आजेसासरे तुळशीराम भंडाऱ्याहून रायपुरात रेल्वेत लागले ते छप्पन साली. सहा वर्षं उशिरा. भंडाऱ्याचा दाखला इथे चालेना आणि इथला मिळेना. दोन वर्षं खेटे घालून भावनाचा नवरा धम्मदीप थकला.

मग शेजारची कमला पुढे झाली. गोंडाची विधवा बाई, मूलबाळ नाही, दाखला मात्र चोख. “मोर नाव लिख दे, आई म्हणून माझं नाव लाव,” ती म्हणाली होती. “पोट्टी वाचली पाहिजे ना? मग?”

नर्सनं कमलाच्या बोटाला सुई टोचली. आईचंही रक्त तपासतात, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

तासाभरानं डॉक्टर राधिकानं त्यांना आत बोलावलं. दार लावून घेतलं.

“हा आजार आई आणि बाप, दोघांकडून येतो,” ती कमलाला म्हणाली. “तुमच्या रक्तात त्याची खूणसुद्धा नाही. ही मुलगी तुमची नाही, दीदी.”

कमलानं श्रावस्तीला आणखी घट्ट धरलं. भावना पुढे झाली आणि तिनं श्रावस्तीच्या पाठीवर हात ठेवला. राधिकानं भावनाकडे पाहिलं, आणि खरी आई कोण ते डॉक्टरला कळलं.

“यादीत नाव ठेवलं तर माझी नोकरी जाईल. कापलं तर...” तिनं श्रावस्तीच्या सुजलेल्या बोटांवरून हात फिरवला. “दत्तक असती तर चाललं असतं. दत्तक मुलीला आईची जात लागते. सोमवारी यादी वर जाईल. तोवर दत्तकपत्र आणाल?”

त्या घरी आल्या. दारात कमलानं भावनाचा हात धरला.

“कागज में मोर, घर में तोर. कागदावर माझी, घरात तुझीच. काहून रडून राहिली?”

“कागदच तर लागते, कमला,” भावना म्हणाली. “उद्या शाळेत, परवा दवाखान्यात, सगळीकडं तूच तिची आई. मी कोण?”

कमलानं श्रावस्तीला आत नेऊन निजवलं. भावनानं रात्री धम्मदीपलाही हेच विचारलं. “शनिवारी जाऊ,” एवढंच तो म्हणाला.

शनिवारी ते कोर्टाच्या आवारात, कचहरीत गेले. भिंतीला टेकून टाइपरायटर मांडून बसलेल्या, लोकांचे कागद टाइप करून देणाऱ्या हिरालालनं कागद चढवला, नावं विचारली, गावं विचारली. धम्मदीपनं कोऱ्या जागेवर आधीच सही करून दिली आणि तो लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला.

“मूल देण्याचं कारण?” हिरालालनं विचारलं.

“तिले गोळ्या भेटल्या पाहिजे म्हणून,” भावना म्हणाली.

“असं लिहिता येत नाही, दीदी. नोंदणी करणारा साहेब पहिलं हेच विचारेल.” त्यानं क्षणभर विचार केला आणि रोजच्या सवयीनं बोटं चालवली. कागद ओढून काढून तिच्यापुढं ठेवला.

‘जन्मदाती आई सदर मुलीचे पालनपोषण करण्यास असमर्थ आहे.’

भावनानं ते दोनदा वाचलं. त्यात तिला खोटं काहीच सापडलं नाही. तिनं सही केली.