ओवीची नजर

"सिएनाने एकवीस रन आणले. ओवीने चार," कोच विरेमू म्हणाला. ओवीच्या नावापाशी त्याचं पेन थांबलं. ऑकलंडच्या बारा वर्षांखालच्या बेसबॉल टीममध्ये आता एकच जागा उरली होती.

यतीन सहा महिने मैदानाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसला होता तो याच क्षणासाठी. अल्बनी उपनगरातले बाकीचे आईबाप कॉफी पीत गप्पा मारायचे. हा लेकीला पडलेला प्रत्येक बॉल टिपून ठेवायचा.

"सिएना बॅटिंगला चौथी येते," तो म्हणाला. "तोवर आधीच्या मुली बेसवर उभ्या असतात. तिने मारलं की त्या पळत होम बेस गाठतात आणि ते रन तिच्या नावावर लागतात. ओवी पहिली येते. बेस रिकामे. तिने आणायचं कोणाला?"

"मग मोजायचं काय?"

"आउट न होता ती बेसवर किती वेळा पोचली ते. शंभरात बावन्न. आपल्या क्लबात दुसऱ्या कोणाचं चाळीसही नाही."

"बहुतेक वॉक आहेत रे, मेट. चार बॉल वाईट पडले की फुकटचा बेस."

"फुकटचा कसा? वाईट बॉल ओळखून बॅट आवरायला नजर लागते. हा आकडा तिच्या एकटीचा आहे."

बाकावर अस्मिता लेकीची बॅग भरत होती. नोव्हेंबरात एक बॉल ओवीच्या बरगडीवर बसला होता. त्या हिरव्यानिळ्या डागावर आठवडाभर तिने हळदीचा लेप लावला होता. बरी झाल्यावर ओवी बॅट फिरवेनाशीच झाली. पोरीला संयम आला, असं यतीन म्हणाला होता. आकडाही तेव्हापासूनच चढला.

विरेमूने लॅपटॉप स्वतःकडे वळवून आकडा वाचला. "स्वीट ॲज, चालेल," म्हणत त्याने ओवीचं नाव लिहिलं. "या टीमसमोर येणारे पिचर दुप्पट जोरात बॉल टाकतात, आणि नेमके टाकतात. पण अशी नजर असल्यावर काय."

यतीन ओवीसमोर गुडघ्यावर बसला. तिचं हेल्मेट काढलं, कपाळावर चिकटलेले केस मागे सारले. "ऐकलंस ना, सोन्या?"

ओवी घरातसुद्धा इंग्रजीतच उत्तर द्यायची. आत्ता मात्र ती मराठीत बोलली. कोचला कळू नये म्हणून, हळू, एकेक शब्द शोधत.

"बाबा, बॉल येतो ना, तेव्हा मी डोळे बंद करते."