पाटलांचं जवाचं पाणी

हकीमसाहेबांनी राधाकिशन पाटलांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ओसरीवरची मंडळी त्या खड्ड्याकडे अशी बघत बसली, की जणू आता तिथं पाणी लागणार आहे.

"पाटील, निमक जातंय पोटात," हकीमसाहेब म्हणाले. "सूज पायावरून छातीवर चढली, तर मग माझ्याकडं दवा न्हाई."

सगळ्यांच्या माना माजघराच्या दाराकडे वळल्या. दाराआड पाटलांची सून केशर उभी होती. स्वयंपाक तिच्या हाती होता. तिने चौकट घट्ट धरली.

पथ्य दिवाळीनंतर सुरू झालं होतं. मोमिनाबादेहून तट्टावर आलेल्या हकीमसाहेबांनी नाडी धरली आणि पाटलांचं रक्त आंबलं आहे असं सांगितलं. नांदूरघाटात तोवर दूध आंबायचं, पीठ आंबायचं. रक्त आंबण्याचा मान पहिल्यांदा पाटलांना मिळाला. चिंच बंद, लोणचं बंद, तळण बंद. भोपळा आणि पालेभाजी खायची. मीठ दिवसाकाठी एक चिमूट, तेही भाजीत. आणि थंडी सरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ जवाचं ऊन पाणी प्यायचं. जिरं-सुंठ घालून, पण बिनमिठाचं.

केशर मन लावून पाणी उकळायची. मात्र ते ओसरीवर न्यायची तिला सोय नव्हती. सून सासऱ्यासमोर जात नसे. ती उंबऱ्यापाशी पेला सासूच्या, छबुबाईंच्या हाती द्यायची. पुढे छबुबाई न्यायच्या. पहिल्या दिवशी पेला चेमटून परत आला. "निसटला हातून," छबुबाई म्हणाल्या. मग मात्र पेला तळापर्यंत रिकामा येऊ लागला. "आता जमाया लागलं पोरीला," असा पाटलांचा आवाजही आत आला. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याने केलेलं हे पहिलं कौतुक. केशर त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली.

पाणी जमत गेलं तसे पाय सुजत गेले.

आता हकीमसाहेबांचं तट्टू वळणाआड जायच्या आत पाटलांनी फर्मावलं, "येत्या बाजारापातूर सूज उतरली न्हाई, तर गाडी जुपायची. हिला युसूफ वडगावला बापाच्या दारात सोडून यायचं. म्हणावं, सासऱ्याला मिठानं मारायला निघालती तुमची लेक."

केशरचा नवरा शहादेव हे ऐकून बैलांना वैरण टाकायला गेला. बैलांपुढे वैरण होतीच.

केशरच्या पाठच्या दोन बहिणी उजवायच्या राहिल्या होत्या. सासऱ्याला मारू बघणारीच्या बहिणी कोण करणार? तिने मिठाचं मडकं फळीवर, हात पोचणार नाही असं ठेवलं. पाणी उकळण्याआधी ती हात धुवायची, पुन्हा धुवायची. गार पाण्याने बोटं उलली. जिरंसुद्धा धुऊन घेतलं. जवाचं पाणी ती स्वतः चाखून बघायची. धुण्याचं पाणी बरं, असं ते अळणी लागायचं. तरी पाय आपले फुगतच होते.

छबुबाईंचा संशय घेणं तिच्या स्वप्नातही आलं नाही. गावजेवणाच्या आमटीत मीठ टाकायला नांदूरघाटात छबुबाईंना बोलावणं जाई. त्यांच्या हातचं मीठ कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेवटी केशरने त्यांनाच विचारलं, "आत्या, माझ्या हातातच खार हाय का वो?"

"थंडी लई हाय," छबुबाई म्हणाल्या. "पाणी उकळ तू."

बाजाराचा दिवस आला. हकीमसाहेब आले. अंगठा दाबला, उचलला. खड्डा आता आणखी खोल होता.

"ते पाणी बघू द्या मला," ते म्हणाले.

छबुबाई पेला घेऊन नुकत्याच ओसरीवर पोचल्या होत्या. माघारी फिरायला वेळ नव्हता. हकीमसाहेबांनी पेला घेऊन एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पाटील, हे पाणी न्हाई. समुंदर हाय."

पाटील लाल झाले. "शहादेव, जूप गाडी!"

या खेपेला शहादेव खरोखरच बैलांकडे गेला.

केशर दाराआडून उंबऱ्यापर्यंत आली. सासऱ्यापुढे बोलायची रीत नव्हती. सासू तर पलीकडे ओसरीवर. तरी ती कशीबशी ओरडली, "आत्या, देवाशप्पथ, म्या न्हाई टाकलं वो! सांगा की त्यांना!"

"तिनं न्हाई टाकलं," छबुबाई म्हणाल्या. "मी टाकते. रोज."

पुरुषमाणसांत छबुबाईंचा आवाज त्या ओसरीने कधी ऐकला नव्हता. तो कुठून आला, हेच पाटलांना आधी उमगलं नाही.

"तू?" ते म्हणाले. "कशापायी गं? माझ्या जिवावर उठली का?"

छबुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पदर पुढे ओढला आणि आपलं दुखणं सांगावं तशा सुरात त्या हकीमसाहेबांशी बोलल्या.

"अळणी देते की, साहेब. मला कुटं न्हाई म्हनायचंय? पण मीठ कमी पडलं की ह्यांनी भिरकावलेलं ताट चुकवावं लागतं. आता माझी मान धरली हाय, पयल्यासारखी वळत न्हाई. त्याच्यावर काय दवा आसंल, तर ती आदी द्या."